वेताच्या बनाची माती

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी कुमुदवती नावाच्या नगरीत महीसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी तेथील अमात्यकुळात जन्म घेतला होता. गुणाकर हे त्यांचे नाव. प्रौढ झाल्यावर ते राजाचे सल्लागार झाले. व्यवहार कोणता आणि धर्म कोणता, हे राजाला सांगण्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्या प्रदेशात पाऊस बेताचाच पडत असे. नगरीजवळून कुमुदा नदी वाहत होती. उन्हाळ्याच्या आरंभी वरच्या शिखरांवरचे बर्फ वितळले की तिला मोठा लोंढा येई. काही दिवस तो गर्जत राही आणि खालच्या देशात निघून जाई. मग वर्षभर पात्रात एक बारीक धार तेवढी उरे. लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांत ती धारही क्षीण झाली. विहिरी कोरड्या पडल्या, गाई दावणीला मेल्या, आणि पाण्याच्या भांडणात एका आळीने दुसऱ्या आळीची डोकी फोडली. महीसेन राजा प्रजेवर माया करणारा होता. त्याला अन्न गोड लागेना. त्याने ठरवले, की नगरीच्या वरच्या अंगाला नदीवर मातीचा मोठा बांध घालावा, लोंढा अडवून तलाव करावा, आणि कालव्यांनी ते पाणी शेतांना व विहिरींना द्यावे.

हे काम जयकेतु नावाच्या स्थपतीकडे सोपवले गेले. जयकेतु आपल्या विद्येत निपुण होता. तो पहाटे सर्वांच्या आधी कामावर येई आणि मजुरांबरोबर बसून त्यांचीच भाकरी खाई. मात्र त्याला उशीर सहन होत नसे. कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी गुणाकर अमात्यांवर होती.

त्या देशात बांध घालण्याची एक जुनी रीत होती. बांधामुळे ज्या ज्या वस्तीला पाणी मिळणार किंवा ज्या वस्तीचे पाणी हलणार, त्या प्रत्येक वस्तीत आधी दवंडी दिली जाई, काय घडणार ते सांगितले जाई, आणि तक्रारी ऐकल्या जात. समजूत पटली की त्या वस्तीचे लोक आपल्या जागेची एक टोपली माती आणून बांधाच्या पोटात टाकत. या मातीला गर्भमाती म्हणत. गर्भमाती देणारी वस्ती पुरात बांधाची राखण करण्यास बांधील असे. जिची माती पोटात नाही, तिला बांधाचे काही देणेघेणे नसे.

गर्भमातीचा दिवस थाटात पार पडला. शेतकरी आले, कुंभार आले, धोबी आले, डोंगरउतारावरचे गुराखी आले. शेतकऱ्यांचा मुख्य गृहपती सीरदत्त सर्वांच्या पुढे होता. वाद्ये वाजली, टोपल्या रित्या झाल्या, राजाने स्वतः माती कुटण्याच्या धुमसाचा पहिला ठोका मारला. जयकेतूने हात जोडून सांगितले, "महाराज, सर्व वस्त्या आल्या. आता कामाला आडकाठी नाही."

त्या दिवसापासून गुणाकरांचे मन अस्वस्थ झाले. कारण त्यांना सांगता येईना. काम वेगाने चालले होते, मजूर समाधानी होते, राजा प्रसन्न होता. तरी ते जेवता जेवता उठत आणि बांधाकडे चालू लागत. बांधावर गेले की तेथेही पाय ठरत नसे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे, परत यावे, पुन्हा जावे. पत्नीने विचारले, "काही विसरलात का?" ते म्हणाले, "विसरलो आहे खरे. काय विसरलो, तेच आठवत नाही."

एके दिवशी ते गर्भमातीच्या ढिगाऱ्याशी उभे राहिले. ती माती अजून कुटून एकजीव झालेली नव्हती. शेतकऱ्यांची काळी, कुंभारांची तांबडी, धोब्यांच्या घाटावरची खारवट पांढरी, गुराख्यांच्या उताराची पिवळी मुरमाड, असे तिचे पट्टे वेगवेगळे दिसत होते. गुणाकर पाहत राहिले. बांधाच्या खालच्या अंगाला नदीची धार पसरून एक पाणथळ झाली होती, आणि तिच्यात वेताचे दाट बन होते. त्या बनात टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती होती. त्या पाणथळीचा गाळ निळसर असतो. ढिगाऱ्यात निळसर असे काहीच नव्हते.

त्यांनी दवंडीवाल्याला बोलावले. तो म्हणाला, "स्वामी, बनाच्या काठावर मी डांगोरा पिटला. आत जायला वाट कुठे आहे? गुडघाभर चिखल. कोणी बाहेर आले नाही, मी पुढच्या वस्तीला गेलो."

मग ते जयकेतूकडे गेले. "स्थपती, वेताच्या बनातल्या लोकांची माती कुठे आहे?"

जयकेतु हसला. "अमात्य, त्या दिवशी जिकडे पाहावे तिकडे तेच लोक होते की! सगळ्यांच्या डोक्यावर त्यांच्याच टोपल्या होत्या."

"टोपल्या त्यांच्या होत्या. आतली माती दुसऱ्यांची होती."

जयकेतु म्हणाला, "ते रोज इथे येतात. टोपल्या उतरवतात, बसतात, पाणी पितात, बांध किती वर आला ते बघतात. काही म्हणायचे असते तर त्यांना तोंड नव्हते का?"

"आपण विचारले होते का?"

"रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याला वेगळे काय विचारायचे?"

येथे क्षणभर थांबून आपण आपल्याकडे पाहावे. पूजेला बसताना आपण सर्वांत आधी आवाहन करतो. मूर्ती समोर असते, वर्षानुवर्षे त्याच पाटावर असते, तरीही आपण 'यावे, येथे बसावे' असे म्हणतो आणि मगच पाणी घालतो. जो चराचरात भरून आहे त्यालाही आपण बोलावल्यावाचून आला असे धरीत नाही. आणि माणूस मात्र नजरेच्या टप्प्यात असला की तो आपल्या बाजूने आहे असे सहज धरून चालतो. कुमुदवतीत हेच घडले होते. टोपल्या सर्वत्र दिसत होत्या, म्हणून टोपल्या विणणारे दिसेनासे झाले होते.

दुसऱ्या दिवशी बनात जावे असे गुणाकरांनी ठरवले. पण दुसऱ्या दिवशी टोपल्याच आल्या नाहीत. जुन्या टोपल्या दुपारपर्यंत फाटून गेल्या. माती खोदलेली तशीच पडून राहिली आणि मजूर बांधावर नुसते येरझाऱ्या घालू लागले. जयकेतु राजाकडे धावला. "महाराज, बनातले लोक अडून बसले आहेत. शिपाई पाठवावेत." राजाने खिडकीतून वरच्या शिखराकडे पाहिले. बर्फाची कडा मागे सरकू लागली होती. लोंढा येण्यापूर्वी बांधाचे मधले तोंड बंद झाले नाही, तर अर्धवट बांध वाहून जाईल आणि वर्ष पुन्हा कोरडे जाईल, हे सर्वांना ठाऊक होते.

"महाराज, आधी मी जाऊन येतो," गुणाकर म्हणाले.

ते एकटेच चिखल तुडवीत बनात शिरले. आत उंच खांबांवर वेताच्या झोपड्या होत्या. एका झोपडीच्या पायरीवर तमाली नावाची वृद्धा वेत चिरत बसली होती. वस्ती तिच्या शब्दाबाहेर नव्हती. ती उठली नाही.

"या अमात्य, बसा," ती म्हणाली. "कोरडी जागा शोधू नका, सापडायची नाही. तुमचा तलाव झाला की मग ओली सापडायची नाही."

भोवतीचे लोक हसले. गुणाकर चिखलातच बसले. "माय, टोपल्या का थांबल्या?"

"टोपल्या न्यायला आलात होय? मला वाटले, आमची चौकशी करायला आलात."

गुणाकरांची मान खाली गेली. तमाली वेत चिरीत राहिली आणि बोलत राहिली. "माझी सून टोपल्या घेऊन बांधावर जाते. तिने तिथल्या एका गवंड्याला विचारले, सगळे पाणी तुम्ही वर कोंडले, तर खाली आमच्याकडे काय येणार? तो म्हणाला, राजाचा आशीर्वाद येईल. सगळे हसले. तीही हसली. घरी येऊन रडली. धार बंद झाली की वेत वाळणार, वेत वाळला की आम्ही कुठे जायचे ते सांगा. आम्ही दगड मारला नाही, शिवी दिली नाही. हात तेवढे थांबवले. स्वतःच्या तिरडीचे बांबू कोणी स्वतः तासतो का, अमात्य?"

"चूक आमची आहे. तुम्हाला काय हवे, ते मला सांगा."

"आता विचारता? पाणी वर, आणि प्रश्न खाली!" लोक पुन्हा हसले, पण तमाली हसली नाही. तिने गुणाकरांकडे रोखून पाहिले. "आज काही सांगणार नाही. उद्या या. आज आलात ते टोपल्यांसाठी आलात. उद्या कशासाठी येता ते बघू."

गुणाकर परतले तेव्हा बांधावर गडबड उडाली होती. शेजारच्या नगरातून गाड्या आल्या होत्या आणि त्यांत टोपल्या भरलेल्या होत्या. जयकेतूने सकाळीच माणसे धाडून त्या मिळवल्या होत्या. मजूर पुन्हा ओळीने चालू लागले होते. जयकेतूचा चेहरा उजळला होता. "अमात्य, सुटलो! आता त्या चिखलात पुन्हा पाय घालायला नको."

सकाळी राजाने गुणाकरांना बोलावून घेतले. "बनाचा विषय संपला, हे बरे झाले."

"महाराज, टोपल्यांचा विषय संपला. बनाचा आता सुरू होतो आहे."

राजाच्या कपाळावर आठी पडली. "त्यांच्यावाचून आपले काही अडत नाही."

"म्हणूनच मला जायला हवे. अडले होते तेव्हा गेलो, त्यात माझे काही मोठेपण नव्हते. अडलेला माणूस कोणाचेही पाय धरतो. महाराज, बांधाच्या बुडाशी दगडी मोरी ठेवता येईल. तिच्यातून बनापुरती धार वर्षभर सोडता येईल. मात्र त्यामुळे तलावातले पाणी कमी होईल, आणि कालव्यांवरच्या लोकांना ते पुन्हा विचारावे लागेल. तोपर्यंत मधले तोंड बंद करू नये."

"विचारणे, विचारणे!" राजा आसनावरून उठला आणि फेऱ्या घालू लागला. "गुणाकर, तू शिखर पाहिलेस? त्यावरचा काळा कडा बर्फातून उघडा पडला की लोंढा यायला वेळ लागत नाही. उशिरामुळे बांध वाहून गेला, तर काय करशील?"

"माझे पद, घर, मला दिलेले गाव, सर्व आपण परत घ्यावे."

"त्याने तहान भागेल का?"

"नाही, महाराज," गुणाकर म्हणाले. ते हात जोडून उभे राहिले. राजा बराच वेळ फेऱ्या घालत राहिला. शेवटी तो म्हणाला, "काळा कडा दिसेपर्यंत तुला सवड. कडा दिसला की तोंड बंद होणार, मग मोरी असो वा नसो."

गुणाकर राजवाड्यातून निघाले ते थेट बनात गेले. तमाली त्याच पायरीवर होती. "गाड्या पाहिल्या आम्ही," ती म्हणाली. "आमची गरज सरली. तरी आलात?"

"काल मी अर्धा टोपल्यांसाठी आलो होतो. आज पुरता आलो आहे."

तमालीने हातातला कोयता खाली ठेवला. तिने सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितले. मग ती बोलली. बनाला फार पाणी नको होते. वर्षभर मुळे ओली राहतील एवढी धार हवी होती. गुणाकरांनी मोरीची कल्पना सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आणि वरचे लोक हो म्हणतील?"

"ठाऊक नाही. आजपासून त्यांच्याकडे जातो."

मग गुणाकरांचे खरे कष्ट सुरू झाले. जयकेतूने चडफडत का होईना, मोरीचे दगड घडवायला घेतले. गुणाकर वस्तीवस्तीतून हिंडू लागले. ज्यांनी एकदा होकार दिला होता, त्यांना पुन्हा विचारणे हे न विचारलेल्यांना विचारण्याहून अवघड असते. कुंभारांनी कपाळाला हात लावला. धोबी म्हणाले, "अमात्य, आमच्या मातीवर बांध उभा राहिला, आता आमचेच पाणी कापता?" गुणाकर प्रत्येकाचे ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांची नजर सारखी शिखराकडे जात होती. साऱ्या नगरीची नजर तिकडे होती. बायका धुणे पिळता पिळता वर पाहत, गुराखी गुरांकडे पाहायचे सोडून वर पाहत. रोज कोणीतरी ओरडे, "कडा दिसला!" आणि लोक घराबाहेर धावत, पाहावे तो ढगाची सावली.

सीरदत्ताने त्यांना अंगणातच गाठले. "आत या म्हणत नाही," तो म्हणाला. "आत आलात की तुम्ही गोड बोलाल आणि मी फसेन. उन्हाळ्यातले शेवटचे पाणी जाणार माझे. त्या पाण्यावर माझा ऊस पिकतो. मी कशाला हो म्हणू?"

"हो म्हणा असे मी सांगत नाही. जे म्हणायचे ते सर्वांसमोर म्हणा. उद्या सभा आहे."

"कुठे? राजवाड्यात?"

"वेताच्या बनाच्या काठावर."

सीरदत्ताने डोळे विस्फारले. "चिखलात?"

"ज्यांना बोलवायचे राहिले होते, ते तिथे राहतात."

सभा बनाच्या काठी भरली. राजाही आला, त्याच्यासाठी वेताची चटई अंथरली गेली, पण ती ओली झाली आणि मग राजा उभाच राहिला. गुणाकरांनी काहीही न लपवता सांगितले, की मोरी ठेवली तर बन जगेल आणि शेतांचे उन्हाळ्यातले शेवटचे पाणी जाईल. मोरी न ठेवली तर शेवटचे पाणी राहील आणि बन मरेल. त्यांनी दोन्हींपैकी कोणतेही नुकसान कमी करून सांगितले नाही. मग ते म्हणाले, "कालव्याखाली माझे गाव आहे. त्या गावाच्या कुळांनी आणि मी बसून ठरवले आहे, की गावठाणाला प्यायचे पाणी ठेवून माझ्या खाजगी शेताचे सगळे पाणी मोरीसाठी सोडावे."

लोक आपापसांत कुजबुजले. राजाने जयकेतूकडे पाहून विचारले, "माझ्या क्रीडावनाचा कालवा किती पाणी घेतो?" जयकेतु म्हणाला, "बरेच घेतो, महाराज." राजा म्हणाला, "मग तो खणू नका." यावर धोबी आणि कुंभार तयार झाले. राजा व अमात्य यांनी आपले सोडल्यावर त्यांच्या वाट्याची तूट थोडीच उरली होती. परंतु शेतकऱ्यांची तूट पुरती भरून निघत नव्हती. सीरदत्त उभा राहिला आणि बराच वेळ बोलला. उसाबद्दल बोलला, मागच्या दोन वर्षांत मेलेल्या बैलांबद्दल बोलला, बोलता बोलता त्याचा आवाज चढला. जयकेतु मध्येच काही म्हणू लागला, तेव्हा गुणाकरांनी हाताने त्याला थांबवले. सीरदत्ताचे सर्व बोलून होईपर्यंत कोणीही हलले नाही.

शेवटी त्याला बोलायला काही उरले नाही. तो दमून म्हणाला, "माझे नाहीच आहे. ते नाहीच राहील. पण शेवटपर्यंत ऐकलेत. बाकीचे हो म्हणतात तर करा. मी बांधाला धक्का लावणार नाही, माझ्या माणसांनाही लावू देणार नाही."

मग सर्वांनी तमालीकडे पाहिले. ती म्हणाली, "मोरी छान आहे. तिच्या तोंडाची फळी कोणाच्या हातात राहणार?"

"माझ्या माणसांच्या," जयकेतु म्हणाला.

"मग मोरी तुमची झाली. तुमच्या मनात आले की फळी खाली. फळी आमच्या हातात द्या."

जयकेतु संतापला. "महाराज, हे ऐकू नये! यांनी सगळी फळी उचलून तलाव रिकामा केला, तर?"

"आणि तुम्ही टाकून बन वाळवले, तर?" तमालीने विचारले.

राजाने गुणाकरांकडे पाहिले. जयकेतूची भीती खोटी नव्हती. एका नगरीची तहान, आणि ज्या लोकांना कालपर्यंत कोणी विचारले नव्हते त्यांचे हात! गुणाकर म्हणाले, "महाराज, फळी त्यांना देताना भीती आपल्याला एकदाच वाटेल. फळी आपल्याकडे राहिली तर त्यांना ती रोज वाटेल. त्यांच्याकडे द्यावी."

राजाने होकार दिला. तमाली वाकली, पाण्यात हात घातला आणि निळसर गाळाचा गोळा उचलून सुनेच्या टोपलीत ठेवला. त्याच दिवशी तो बांधाच्या पोटात गेला.

मोरी बसवून झाली, फळी लागली, आणि मजुरांनी रात्रंदिवस खपून मधले तोंड बंद केले. तोंड बंद होत असतानाच शिखरावरचा काळा कडा उघडा पडला.

त्या वर्षी ऊन फार कडक होते. लोंढा आला तो जयकेतूच्या अंदाजाहून कितीतरी मोठा. जयकेतूने जादा पाणी जाण्यासाठी बाजूला सांडवा ठेवला होता, तरी एवढ्या पाण्याला तो पुरेना. ते बांधाच्या माथ्याकडे चढू लागले. ठरल्याप्रमाणे सर्व वस्त्या बांधावर धावल्या. सीरदत्त आपल्या माणसांसह कुदळी घेऊन सर्वांत नाजूक जागी उभा होता आणि मातीवर माती टाकीत होता. तरी पाणी चढतच होते.

जयकेतूच्या लक्षात आले, की आता एकच उपाय उरला आहे. मोरीची फळी पूर्ण उचलली तर पाण्याचा ताण उतरेल. पण तेवढे पाणी एकदम सुटले, तर खालच्या बनातून ते गर्जत जाईल आणि झोपड्या धुऊन नेईल. असे काम तिथल्या लोकांना कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि त्यांनी नाही म्हटले तर? तो धडपडत, घसरत बांधाच्या पायथ्याकडे धावला. गुणाकर त्याच्या मागे धावले.

खाली पोहोचताच दोघेही थबकले. फळी आधीच पूर्ण वर उचललेली होती. मोरीच्या तोंडातून पांढरे पाणी गरजत बाहेर पडत होते. तमाली आणि तिची माणसे दोर ओढून धरून उभी होती. बनात मुले, म्हातारी माणसे आणि वेताचे भारे यांना आधीच उंचावर नेले जात होते, आणि मागे एकेक झोपडी खांबावरून सुटून वाहत चालली होती.

त्या गर्जनेत जयकेतु ओरडला, "कोणी सांगितले तुम्हाला फळी उचलायला?"

तमाली मागे न वळता ओरडली, "सांगायला कोणी कशाला हवे? बांध आमचाही आहे ना?"

जयकेतूने दोराला हात घातला. संध्याकाळपर्यंत पाणी माथ्याखाली उतरले आणि बांध टिकला. झोपड्या गेल्या होत्या, वेत आडवा झाला होता. पण मुळे घट्ट होती, आणि वर्षभराची धार त्यांना मिळणार होती. बनातले लोक ओल्या अंगाने बांधावर बसले असताना सीरदत्त चिखलाने माखलेला तेथे आला. तो म्हणाला, "माझे कोठार रिकामे आहे. बन उभे राहीपर्यंत तिथे राहा."

"गृहपती," तमाली म्हणाली, "तुमचे शेवटचे पाणी आम्ही प्यालो, आता तुमचे कोठारही घेणार."

"माझे अजूनही नाहीच आहे," सीरदत्त म्हणाला. "चला, उठा. थंडी वाजेल."

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा प्रियंकर नावाच्या भिक्षूला सांगितली. प्रियंकरांकडे एका नव्या विहाराच्या बांधकामाची देखरेख होती. त्या बांधकामाच्या कुंपणाने शेजारच्या गावातील स्त्रियांची पाण्याला जाण्याची वाट अडली होती, आणि त्या स्त्रिया विहारात दूध घालायला येईनाशा झाल्या होत्या. प्रियंकर म्हणाले होते, "भगवन्, त्या रोज येथूनच जात होत्या. कुंपण त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मला वाटले, त्यांना मान्य आहे."

कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा महीसेन म्हणजे या विहाराला जमीन देणारा श्रेष्ठी. गृहपती सीरदत्त म्हणजे या गावचा मुखिया, जो आजही कशालाच चटकन हो म्हणत नाही. तमाली म्हणजे ती वृद्ध उपासिका, जी सर्वांत आधी दूध आणायची थांबली. स्थपती जयकेतु, प्रियंकरा, तूच होतास. तेव्हाही तुझे हात तत्पर होते आणि कान उशिरा पोहोचत होते. आणि अमात्य गुणाकर मीच होतो."

प्रियंकर उठले, वंदन केले आणि गावाच्या वाटेला लागले.

ज्यांच्या जीवनाला आपले कार्य स्पर्श करते, त्यांना त्यांच्या दारी जाऊन विचारावे. गरज असताना विचारावे, आणि गरज सरल्यावरही विचारावे. त्यांचा नकार पूर्ण ऐकावा, आणि त्यांचे हित आपल्या हिताच्या पंक्तीला बसवून कामाची दोरी त्यांच्याही हाती द्यावी. या गुणाला ज्ञानी जन समानार्थता, म्हणजे सर्वांचे हित समान मानणे, असे म्हणतात. बोधिसत्त्वांनी त्या जन्मी समानार्थतेची साधना केली.